वर्गणी भरल्यानंतरचे काम
(स्वागताध्यक्षीय भाषण)

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने विकत घेतलेले पुस्तक एकदा दाखल नोंदवहीत चढले आणि त्यावर शिक्का बसला की ते ग्रंथालयाचे होते. वाळवी आणि ओल यांपासून ते जपले, तर पुढच्या तीन पिढ्या ते वाचू शकतात आणि त्यासाठी प्रकाशकाला पुन्हा एक पैसाही द्यावा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाचे तसे नाही. वर्गणी भरली की ठरावीक मुदतीपर्यंत, ठरावीक लोकांनी, ठरावीक रीतीने वाचण्याची परवानगी मिळते. मजकूर प्रकाशकाच्याच सर्व्हरवर राहतो. मुदत संपली, नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले किंवा विद्यापीठाचा आयपी पत्ता बदलला, की वाचकाला लेखाऐवजी किंमत दाखवणारे पान दिसते. असे होऊ न देणे हे वर्षभराचे काम आहे आणि त्यालाच ई-संसाधनांचे व्यवस्थापन म्हणतात. खरेदी हा त्याचा लहानसा भाग. बहुतेक काम वर्गणी भरल्यानंतर सुरू होते.

हे काम रोज करणारे ग्रंथपाल, ग्रंथालयशास्त्राचे अध्यापक आणि विद्यार्थी या परिषदेसाठी राज्यभरातून आले आहेत. त्या सर्वांचे आणि निमंत्रित वक्त्यांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत. लेख एका टिचकीत उघडला, तर त्यामागे कोणी बसले आहे हे वाचकाला कळतही नाही. उघडला नाही, तर तक्रार लगेच येते. अशा कामाची सविस्तर चर्चा त्याच कामातल्या माणसांत व्हावी, हाच या परिषदेचा हेतू आहे.

भारतातील विद्यापीठांना ई-नियतकालिके सामूहिक पद्धतीने मिळू लागली त्याला दोन दशकांहून अधिक काळ झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या अंतर्गत प्रकल्प म्हणून सुरू केला. १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र झाले. त्याच केंद्रामार्फत २००४ पासून यूजीसी-इन्फोनेट संघाची ई-नियतकालिके विद्यापीठांत पोहोचली. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये एन-लिस्ट आले आणि २०१५ मध्ये या योजना व तंत्रशिक्षण संस्थांचा इंडेस्ट संघ एकत्र करून ई-शोधसिंधू झाला. त्यानंतरचा मोठा टप्पा ‘एक देश, एक वर्गणी’ हा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा विस्तार आहे.

इतकी मोठी खरेदी केंद्रात होऊ लागल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथपालाकडे काय उरले, असा प्रश्न वित्त विभागांत विचारला जातो. प्रश्न चुकीच्या समजुतीवर उभा आहे. वाटाघाटींचा भार हलका झाला, हे खरे; आणि ज्या विद्यापीठांना एकाही मोठ्या प्रकाशकाचा पूर्ण संच परवडत नव्हता त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे. पण आपल्याकडे आधीपासून चालू असलेली कोणती वर्गणी आता दुहेरी ठरते, कोणते नियतकालिक राष्ट्रीय यादीत नाही आणि तरीही एखाद्या विभागाला अत्यावश्यक आहे, जुन्या करारातून मिळालेले मागील वर्षांचे हक्क कोणते, हे दिल्लीत किंवा इन्फ्लिबनेटच्या गांधीनगर कार्यालयात बसून कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय मंजूर झालेली योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा मोठा भाग शिक्षण संस्थांनी चालवलेल्या अनुदानित महाविद्यालयांत होतो. विद्यापीठाच्या आवारातील संशोधकाला जे लेख सहज मिळतात, ते त्याच विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्याला मिळतीलच असे नाही. ही दरी मोजणे आणि एन-लिस्ट, मुक्त प्रवेशाची नियतकालिके व विद्यापीठाची स्वतःची तरतूद यांतून ती कमी करणे, हे विद्यापीठ ग्रंथालयाचेच काम आहे.

निवडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. विभागांची मागणी घ्यावी, महिनाभराचा चाचणी प्रवेश मागावा आणि चाचणीत प्रत्यक्ष कोणी काय वाचले ते पाहावे. चाचणी परीक्षांच्या किंवा सुट्टीच्या काळात ठेवली तर तिचा उपयोग नाही.

खरा कस लागतो तो परवाना करारात. हा करार इंग्रजी कायद्याच्या भाषेत लिहिलेला, अनेक पानांचा असतो आणि निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरीच्या घाईत न वाचताच सहीसाठी पुढे सरकतो. त्यात सर्वांत आधी पाहायचे ते अधिकृत वापरकर्ता कोणाला म्हटले आहे. विद्यापीठाचे नियमित विद्यार्थी व अध्यापक त्यात असतातच. पण तासिका तत्त्वावरील अध्यापक, दूरस्थ शिक्षण केंद्राचे विद्यार्थी, संलग्न महाविद्यालयातील संशोधन केंद्रात पीएच.डी. करणारे विद्यार्थी, निवृत्तीनंतरही मार्गदर्शन करणारे प्राध्यापक आणि ग्रंथालयात येऊन बसणारा बाहेरचा अभ्यासक, यांचे काय? व्याख्येत त्यांचा उल्लेख नसेल तर ते बाहेर राहतात. सहीपूर्वी एक ओळ घालून घेणे शक्य असते. सहीनंतर वर्षभर काही करता येत नाही.

दुसरे कलम वर्गणी थांबल्यानंतरच्या हक्काचे. ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येतील का, आणि कोठून? छापील नियतकालिक बंद केले तरी बांधीव खंड कपाटात राहत. येथे कलम नसेल तर दहा वर्षांची वर्गणी भरूनही ग्रंथालयाच्या हाती काही उरत नाही. त्यानंतर येतात दुसऱ्या ग्रंथालयाला लेखाची प्रत पाठवण्याची मुभा, अभ्यास साहित्यात उतारे घेण्याची मुभा, दरवर्षीच्या किंमतवाढीची मर्यादा आणि वर्गणी डॉलर किंवा युरोमध्ये असेल तर विनिमय दर कोणत्या दिवसाचा धरायचा हे. अलीकडे संगणकाद्वारे मजकुराचे विश्लेषण करण्याबाबत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांत लेख घालण्याबाबतही कलमे येऊ लागली आहेत. भाषाशास्त्र, अर्थशास्त्र व जीवशास्त्राच्या संशोधकांशी बोलल्याशिवाय त्यांना मान्यता देऊ नये, कारण सरसकट बंदी मान्य केली तर उद्याचे संशोधन आजच अडते.

अतिरिक्त डाउनलोडचे कलम वेगळे सांगायला हवे. एखादा विद्यार्थी छोटी आज्ञावली लिहून रात्रभरात हजारो लेख उतरवून घेतो आणि सकाळी प्रकाशक संपूर्ण विद्यापीठाचा आयपी पत्ता बंद करतो. एकाच्या कृतीने सगळ्यांचे वाचन थांबते. प्रवेश बंद करण्यापूर्वी सूचना द्यावी आणि फक्त संबंधित खाते थांबवावे, अशी अट करारात मागून घेता येते. पण ती पाळण्यासाठी कोणते खाते संबंधित आहे हे ग्रंथालयाला शोधता आले पाहिजे. इथे करार आणि तंत्र एकत्र येतात.

प्रवेशाची सर्वांत जुनी आणि साधी पद्धत म्हणजे आयपी पत्त्यावरून ओळख. आवारातल्या जाळ्यातून येणारा प्रत्येक जण अधिकृत, बाहेरचा अनधिकृत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आवारे रिकामी झाली, तेव्हा या पद्धतीची मर्यादा एका दिवसात सगळ्यांना कळली: वर्गणी भरलेली, नियतकालिके चालू आणि वाचक मात्र घरी. दूरस्थ प्रवेशाचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एकात प्रॉक्सी सर्व्हर वाचकाची ओळख पटवून त्याला विद्यापीठाच्या पत्त्यावरून पुढे पाठवतो. दुसऱ्यात वाचक आपल्या संस्थेच्या नाव-संकेतशब्दाने थेट प्रकाशकाच्या संकेतस्थळावर शिरतो आणि संस्था त्याची खातरी देते. इन्फ्लिबनेटचा इन्फेड हा संघ या पद्धतीवर चालतो. दुसरी पद्धत दीर्घकाळासाठी चांगली, कारण तीत व्यक्ती ओळखता येते आणि एका खात्याची चूक सगळ्यांना भोगावी लागत नाही. मात्र विद्यार्थ्यांची नोंद प्रवेशाच्या वेळी तयार होऊन पदवीनंतर बंद झाली पाहिजे. त्यासाठी ग्रंथालयाला परीक्षा व प्रवेश विभागांकडून अद्ययावत यादी लागते, आणि बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती नेमकी येथेच. कोण काय वाचतो याची नोंदही याच व्यवस्थेत साठते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला. पण वाचकाचे वाचन खासगी ठेवण्याची ग्रंथपालाची जबाबदारी त्याहून जुनी आहे.

वाचकाला हवे ते नियतकालिक यादीत सापडणे हा पुढचा भाग. प्रकाशक शीर्षकांच्या याद्या केबार्ट या ठरलेल्या नमुन्यात देतात: नाव, आयएसएसएन, पहिला व शेवटचा उपलब्ध अंक, नवे अंक किती महिन्यांनी खुले होतात. ही माहिती जुनी झाली की यादीत दिसणारा लेख उघडत नाही. जानेवारीत, नवे वर्ष सुरू होताच, प्रत्येक संचातील काही दुवे उघडून पाहणे हा यावरचा साधा उपाय आहे.

वापराचे आकडे काउंटर या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार मिळतात. तिच्यामुळे वेगवेगळ्या प्रकाशकांचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. एकाच लेखावर ३० सेकंदांच्या आत दोनदा टिचकी पडली तर ती एकच मोजायची, असे तिचे काटेकोर नियम आहेत. समजा, एका नियतकालिकाची वार्षिक वर्गणी दोन लाख रुपये आणि वर्षातला वापर ४०० लेखांचा; तर एका वापराचा खर्च ५०० रुपये. नूतनीकरणाच्या बैठकीत हा आकडा लागतोच. पण रसायनशास्त्राच्या शंभर संशोधकांचे नियतकालिक आणि पाली विभागाच्या चार संशोधकांचे नियतकालिक यांना एकच निकष लावणे अन्यायाचे आहे. पालीचा अभ्यासक ते एकच नियतकालिक वाचत असेल आणि ते बंद झाले तर त्याला पर्याय नसेल. काउंटरच्या अहवालांतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा आकडा नाकारलेल्या प्रवेशाचा: वाचक आला, परवाना नव्हता, परत गेला. कोणती वर्गणी घ्यायला हवी होती हे त्यातून कळते.

हे सर्व कोठे नोंदवायचे? अमेरिकेतील डिजिटल लायब्ररी फेडरेशनने २००४ मध्ये अशा नोंदींचा तपशीलवार आराखडा मांडला. नोत्र दाम विद्यापीठाच्या ग्रंथालयात तयार झालेली कोरल ही मुक्त प्रणाली उपलब्ध आहे आणि कोहा या ग्रंथालय प्रणालीतही आता ई-संसाधनांचा स्वतंत्र विभाग आहे. तरीही पदे रिक्त असलेल्या ग्रंथालयाने आधी एक तक्ता नीट ठेवावा: संसाधन, कराराची प्रत, मुदत, नूतनीकरणाची सूचना देण्याची तारीख, प्रशासकीय संकेतशब्द, प्रकाशकाचा संपर्क, गतवर्षीचा वापर. कोणी अद्ययावत न केलेल्या महागड्या प्रणालीपेक्षा तो अधिक उपयोगी आहे. पत्रव्यवहार व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या ई-मेलवर व्हावा. नाहीतर ग्रंथपाल निवृत्त होताच करारांचा इतिहासही त्याच्याबरोबर जातो.

मोठ्या संचांत मराठी नियतकालिके जवळजवळ नसतात. मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्राच्या संशोधकाला जे लागते ते अन्यत्र आहे: विश्वकोशाचे संकेतस्थळ, साहित्य संस्कृती मंडळाची ई-पुस्तके, राज्य मराठी विकास संस्थेने खुले केलेले दुर्मीळ ग्रंथ, गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचे डिजिटल भांडार. ही साधने विनामूल्य असली तरी व्यवस्थापनाशिवाय ती वाचकापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांची तालिकेत नोंद हवी, शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीतही हवे आणि संकेतस्थळाची रचना बदलली की दुवे दुरुस्त व्हायला हवेत. वर्गणीच्या संचांसाठी प्रकाशकाचा माणूस फोनवर असतो. यांच्यासाठी फक्त ग्रंथपाल असतो.

विद्यापीठाचे स्वतःचे सर्वांत मोठे ई-संसाधन म्हणजे त्याचे प्रबंध. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि ते शोधगंगा या प्रबंध-भांडारात जमू लागले. त्यांतील अनेक मराठी प्रबंध श्रीलिपी किंवा डीव्हीबी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टांत टंकित झालेले आहेत. पडद्यावर अक्षर सुबक दिसते, पण शोधपेटीत शब्द टाकला तर काहीच सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती देवनागरी नाहीच. काही प्रबंध तर नुसत्या पानांच्या प्रतिमा आहेत. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आहे, त्यात शब्द शोधता येतो आणि संशोधकाने प्रकाशनास संमती दिली आहे, या तीन गोष्टी प्रबंध स्वीकारतानाच तपासाव्यात. पदवी मिळाल्यावर संशोधक फाइल दुरुस्त करून द्यायला क्वचितच परत येतो. जुन्या फॉन्टचे रूपांतर करताना बिघडलेली जोडाक्षरे पानापानांवर सुधारत बसायला ग्रंथालयाकडे माणूस नसतो.