शिदोरी वाटून घ्या

टीव्हीवर गुलमर्गच्या बर्फावरून घसरणारी माणसं दिसली की आपल्यालाही डोंगरात जावंसं वाटतं. आपला डोंगर जवळच आहे. माहूरला रेणुकामाता, दत्त आणि अनसूया अशी तीन शिखरं आहेत, भोवती जंगल. लातूरकडच्या बायांना औसा तालुक्यातली खरोशाची लेणी जवळ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

मग अडतं कुठं? चुलीपाशी. सहलीला जाणारीच पहाटे तीनला उठून शिदोरी करते, घरच्यांचा दोन वेळचा स्वयंपाक झाकून ठेवते आणि गाडीत पेंगत बसते. ही कसली सहल?

म्हणून शिदोरी वाटून घ्या. एकीनं दुधात मळलेल्या ज्वारीच्या दशम्या आणाव्यात. त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दुसरीनं धपाटे, तिसरीनं शेंगदाण्याची कोरडी चटणी, चौथीनं कांदे. रश्श्याची भाजी नको, सांडते आणि उन्हात आंबते. गटाच्या बचतीला हात लावू नका. सहलीसाठी महिन्याला वीस रुपये वेगळे जमवा.

आणि त्या दिवशीचा घरचा स्वयंपाक घरच्यांवर सोडा. पोराला खिचडी येत नसेल तर आधीच्या आठवड्यात शिकवा. पोरीलाच पुढं करू नका. एक दिवस आपल्याविना चूल पेटली, तर आपल्या आजारपणातही पेटेल, बँकेत उशीर झाला तरी पेटेल.

तारीख येत्या बैठकीतच ठरवा.