ठराव इथेच लिहू



वर्ध्याच्या या उन्हात आपण आलात. स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत. मंडपात कूलर कमी पडताहेत, सांभाळून घ्या. विषय हवामान न्यायाचा आहे, त्याला थोडी तलखी पोषकच.

या विषयावर मी क्वेकरांचे दाखले देणार आहे. त्यांचा वर्ध्याशी काय संबंध, असं काहींनी विचारलं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला, मौनात प्रार्थना करणारा हा पंथ. त्याच पंथाच्या मार्जरी साइक्स इथून जवळच, सेवाग्रामला नयी तालीमच्या कामात होत्या. पुढे होशंगाबादजवळ रसूलियाच्या क्वेकर केंद्रात राहिल्या. तेव्हा ही मंडळी आपल्याला परकी नाहीत.

मला त्यांच्यातला जॉन वुलमन फार भावतो. न्यू जर्सीचा शिंपी. गुलामांच्या घामातून येते म्हणून त्याने साखर सोडली. 1772 मध्ये इंग्लंडला निघाला, तो केबिन नाकारून खलाशांबरोबर राहिला. तिथे घोडागाडीतही बसेना. वेगापायी घोड्यांचे आणि गाडीवरच्या पोरांचे हाल होत. थेट यॉर्कपर्यंत चालत गेला. हेकट म्हणा हवं तर! पण आपल्या सोयीची किंमत कोण मोजतो, हेच तो विचारत होता. आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याने धूर सोडला किती आणि तो सोसतोय किती, हा प्रश्न त्याच जातीचा.

2011 मध्ये कँटरबरीच्या वार्षिक सभेत ब्रिटनच्या क्वेकरांनी कमी कार्बनवर जगण्याचं बंधन घालून घेतलं, तेही आधी स्वतःवर. दोन वर्षांनी कोळसा-तेलातली गुंतवणूक काढायचं ठरवलं. फिलाडेल्फियाचे क्वेकर तर पीएनसी बँकेच्या शाखांत जाऊन मौन धरून बसले. डोंगरमाथे उडवून कोळसा काढणाऱ्यांना ही बँक पैसा पुरवत होती. 2015 मध्ये तिने धोरण बदललं.

क्वेकरांच्या सभेत मतदान नसतं. लेखनिक ठराव तिथेच लिहितो, वाचून दाखवतो आणि सभेला पटेपर्यंत शब्द बदलतो. आपले ठराव आदल्या रात्रीच टाइप होऊन येतात, हे आपण जाणताच. यंदा समितीने कागद कोरे ठेवलेत. उद्या दुपारी इथेच बसून लिहू. आपण स्वतः काय सोडणार, ते आधी. शासनाकडच्या मागण्या त्यानंतर.

जेवण साडेबाराला आहे. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा. ठेचा जपून घ्या, आणि ताटात काही टाकू नका.