फुलपाखरावर फोडलेले खापर

केऑस सिद्धांत हा यदृच्छेचा नव्हे, नियमांचा सिद्धांत आहे. एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने 1961 मध्ये संगणकावरच्या हवामानाच्या प्रतिकृतीत 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा भरला. समीकरणे तीच, यंत्र तेच. तरी दोन आलेखांची पुढे पूर्ण फारकत झाली. 1963 च्या निबंधात त्याची मांडणी आली: प्रत्येक पायरी नियमाने बांधलेली, पण सुरुवातीची स्थिती पूर्ण अचूक मोजता येत नसल्याने दूरचे भाकीत अशक्य. आलेख कधीच स्वतःला गिरवत नाही, पण ठरावीक घेऱ्याबाहेरही जात नाही. हा दुसरा भाग साहित्याच्या व्यासपीठांवरून सहसा गाळला जातो.

तिथे मिरवते ते फुलपाखरू. फुलपाखराच्या फडफडीने दूर कुठे वादळ उठू शकते का, असे विचारणाऱ्या लोरेन्झच्या 1972 च्या व्याख्यानाच्या शीर्षकातून ते जगभर गेले आणि एका कवितेने समाज बदलतो, अशा टाळ्याखाऊ वाक्यांच्या कामी आले. ज्या फडफडीने वादळ उठू शकते तिनेच ते टळूही शकते, हे लोरेन्झने त्याच व्याख्यानात बजावले होते. वक्त्यांना अर्थातच वादळ उठवणारेच फुलपाखरू हवे असते.

मराठी रंगभूमीवरचे एक उदाहरण घ्या. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक 1980 मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले, तेव्हा प्रतिसाद बेताचा होता. पु. ल. देशपांडे यांनी त्याचे मनापासून कौतुक केले, नाटक सावरले आणि पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले. याचे सगळे श्रेय एका शाबासकीला देणे हा आळशी इतिहास आहे. मालवणी बोलणारा कोकणी चाकरमानी मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. मच्छिंद्र कांबळी यांच्यासारखा नट उभा होता. तेच कौतुक अशी तयारी नसलेल्या काळात विरून गेले असते. लहान कारण मोठे होते ते व्यवस्थेच्या अवस्थेमुळे. अर्थात संस्कृतीची समीकरणे कुणीही लिहिलेली नाहीत; कलेच्या बाबतीत हा सिद्धांत उपमेइतकाच चालतो, पुराव्याइतका नाही.

सामाजिक बदलात त्याचा खरा उपयोग परस्परपोषक साखळ्या ओळखण्यासाठी होतो, आणि त्यासाठी मुंबईजवळच्या वसईइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. 1867 मध्ये विरारहून मुंबईला दिवसाकाठी एक गाडी सुटू लागली. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या 12 लाखांवर होती. इमारती वाढल्या तशी टँकरची मागणी वाढली. टँकरसाठी विहिरी आणि बोअरवेल उपसल्या की समुद्राकडचे खारे पाणी आत सरकते. विहीर मचूळ झाली की केळी, पानवेली आणि भाजीच्या वाड्या बसतात. बसलेली वाडी विकली जाते. विकलेल्या वाडीत इमारत उभी राहते, आणि तिलाही टँकर लागतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीचा लढा या साखळीच्या आड आला. तो पर्यावरणाचा तसाच संस्कृतीचाही होता, कारण सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी बोली याच वाड्यांत जगली आहे. दोन शतकांच्या पोर्तुगीज अमलातही तिथल्या घरांतून मराठी बोली गेल्या नाहीत. वाडी विकून पांगलेल्या कुटुंबांत मात्र त्या टिकतीलच, याची खात्री नाही.

‘निसर्गाचे भाकीत करता येत नाही’ म्हणत हा सिद्धांत ढाल म्हणून वापरणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले आणि नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून लोकल थांबल्या. पाऊस नेमका कोणत्या दिवशी किती पडेल, हे महिनाभर आधी सांगता येत नाही. लोरेन्झने दाखवलेली मर्यादा तेवढीच. पडलेले पाणी कुठे तुंबेल, हे मात्र सांगता येते. त्याला केऑसचे गणितही लागत नाही. जुन्या खाड्या, ओढे आणि मिठागरे दाखवणारा नकाशा आजच्या बांधकामांच्या नकाशावर ठेवला की पुरते.