रात्री नऊचा वर्ग
(अध्यक्षीय भाषण)



  अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो छापील अहवालात आहे, कृपया वाचून घ्यावा. मला दुसरंच बोलायचं आहे.

काल या शिक्षक अधिवेशनात दोन निबंध वाचले गेले. महासाथीत शिक्षकांचा इंटरनेटवापर हाताबाहेर गेला, त्यातून निद्रानाश, चिडचिड, नैराश्य आलं, असा दोन्हींचा सूर. मोजमाप किंबर्ली यंग यांच्या १९९८ च्या इंटरनेट-व्यसन चाचणीचं. तिच्यात २० प्रश्न आहेत. रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन राहून झोप बुडते का? हातातलं काम सोडून आधी मेल बघता का? घरचे कुरकुर करतात का? २०२० साली जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींनी तिन्हींना 'नेहमी' असंच उत्तर दिलं असतं. म्हणून तो व्यसनी ठरला? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली, सरसकट इंटरनेटवापराला नाही.

महासाथीत मी कणकवलीकडच्या एका द्विशिक्षकी शाळेवर मुख्याध्यापक होतो. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हे वरून आलं. दिवाळीनंतर चिरेखाणी सुरू झाल्या आणि आमच्या चौथीच्या पोरांचे मोबाईल बापांबरोबर खाणीवर गेले. घरात फोन एकच. माणूस आठला परतणार, आंघोळ, जेवण, मग फोन पोराच्या हाती. म्हणजे वर्ग रात्री नऊला. आमच्या बाईंच्या घरात रेंज नव्हती, म्हणून त्या गडग्यावर बसून, डास मारत भागाकार शिकवायच्या. ज्याचा रिचार्ज संपलेला, त्याला त्या स्वतः साधा फोन लावायच्या आणि पाढे म्हणून घ्यायच्या. दिवाळीआधी याच बाई 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलेल्या. त्यांचे यजमान एकदा माझ्याकडे तक्रार घेऊन आले, "गुरुजी, ही रात्री मोबाईल सोडत नाही." मी म्हटलं, "भाऊ, तो वर्ग आहे. तुम्ही भात वाढून ठेवा."

वर्ग संपेपर्यंत शिक्षकांच्या ग्रुपवर प्रशासनाची लिंक आलेली असायची. मुलं अभ्यास करतानाचे फोटो, किती पालकांकडे स्मार्टफोन, उद्या सकाळी १० पर्यंत भरा, निरंक असल्यास निरंक कळवा. आठवड्याने तीच माहिती दुसऱ्या एक्सेलमध्ये. काल एका मित्राने डिजिटल उपवास सुचवला. जरूर करू, फक्त त्या दिवशीचा निरंक अहवाल कोण पाठवणार तेवढं सांगा. दुसऱ्याने समुपदेशन सुचवलं. तेही बहुधा ऑनलाइनच झालं असतं.

मध्यरात्रीपर्यंत मोबाईलवर रमी खेळणारे आपल्यातही होते, मला माहीत आहेत. त्यांची वकिली मी करत नाही.

एप्रिल २०२१ मधले ग्रुप आठवा. कालपर्यंत आपल्याबरोबर प्रशिक्षणाला बसलेल्या सोबत्याचा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडल्याची चित्रं, आणि त्यांच्या मधोमध 'तात्काळ' लिहिलेलं पत्रक. आपण हात जोडले आणि लगेच पत्रक उघडलं. त्या फोनकडे मन लागून राहत होतं, खरंच राहत होतं. आज कोणाची बातमी येते या धास्तीने. याची नोंद त्या २० प्रश्नांत कुठे करायची? 'वापराचे तास' या रकान्यात?

शिक्षकाला तपासणं सोपं असतं, तो सांगितलेला फॉर्म भरतो. माझं म्हणणं, पाठवणाऱ्याला तपासा. दिवसाला किती संदेश, किती वाजता, त्यातले किती पूर्वीच मागितलेले, हे मोजा. संध्याकाळनंतर प्रशासकीय संदेश नकोत आणि एक माहिती एकदाच मागावी, असा ठराव या अधिवेशनाने करावा. मसुदा कार्यकारिणीने करावा. संदेशांच्या मोजणीचा अभ्यास कोणी करायचा, पैसे कुठून आणायचे, ते जेवणानंतर बसून बघू. कालच्या दोन्ही निबंधवाचकांनी त्या बैठकीला यावं. वाद घालायचा असेल तर मी तयार आहे.