परवाना हाती, तरी दार बंद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या अमेरिकेत राहते. औषधनिर्माणशास्त्रातील 'फार्म.डी.' ही पदवी तिने तेथे मिळविली, परवानाही मिळविला. परंतु इस्पितळात अर्ज केला की पहिला प्रश्न येतो : रेसिडेन्सी केली आहे काय? हा प्रश्न एका मुलीपुरता नाही, तो श्रमाच्या बाजाराचा आहे. म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इस्पितळात फार्मासिस्ट होण्यासाठी तेथील कायद्याने रेसिडेन्सीची अट घातलेली नाही. पदवी, परीक्षा आणि राज्याचा परवाना एवढे पुरते. रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतरचे वर्षभराचे प्रशिक्षण. या काळात उमेदवार प्रत्यक्ष काम करतो. वेतन मात्र फार्मासिस्टच्या निम्म्याच्या आसपास. इस्पितळांतील फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ साली धोरण ठरविले की, प्रत्यक्ष रुग्णसेवेत येणाऱ्या नव्या पदवीधरांना २०२० पर्यंत रेसिडेन्सी आवश्यक व्हावी. रेसिडेन्सीला मान्यता देणारीही हीच संघटना. हे धोरण कायद्यात उतरले नाही. नोकरीच्या जाहिरातींत मात्र उतरले.

असे का व्हावे? २००० साली तेथे या शास्त्राची महाविद्यालये ८० च्या आसपास होती. दोन दशकांत ती १४० च्या घरात गेली. उमेदवार वाढले की मालक चाळणी बारीक करतो. पदवी ही मालकाला दिलेली एक खूण असते, हे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली दाखविले. खूण सर्वांजवळ आली की नवी खूण मागितली जाते. तीही दुर्मिळ ठेवली जाते : २०१० नंतरच्या अनेक वर्षांत हजारांहून अधिक उमेदवार जागेवाचून राहिले.

प्रशिक्षणाचे मोल मी नाकारीत नाही. अतिदक्षता विभागात मात्रेची चूक जिवावर बेतते. माझा आक्षेप एवढाच की, त्या शिक्षणाचा भार कर्जात बुडालेल्या पदवीधराने अर्ध्या पगारावर का सोसावा?

अनुभवाची वाट आजही पूर्ण बंद नाही. विद्यार्थिदशेतच इस्पितळात उमेदवारी करणारे, ग्रामीण भागातील लहान इस्पितळात जाणारे, रात्रपाळी किंवा बदलीचे काम पत्करणारे रेसिडेन्सीवाचूनही आत शिरतात. औषधोपचारातील विशेषज्ञतेच्या परीक्षेसाठी तेथील मंडळाने रेसिडेन्सीऐवजी तीन वर्षांचा अनुभवही ग्राह्य धरला होता. म्हणजे काम करता करता माणूस शिकतो, हे त्या व्यवसायालाही मान्य आहे.

आपल्याकडे २००८ साली सहा वर्षांचा 'फार्म.डी.' अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातील अखेरचे वर्ष इंटर्नशिपचे. पदवी आली, पदे मागे राहिली. उद्या येथेही पदांऐवजी आणखी एक प्रमाणपत्र पुढे केले जाईल. तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी : प्रशिक्षण हवे, पण पूर्ण वेतनावर, आणि अनुभवाला प्रमाणपत्राइतकाच मान. नाहीतर शिक्षणाच्या नावाने स्वस्त श्रमिक मिळविण्याची ही रीत येथेही रुजेल.