थोरांच्या आठवणी आणि घरचा हिशेब



या पटांगणाशी आमची ओळख जुनी, पण ती श्रोता म्हणून. दुसरी पाळी नसे त्या दिवशी सातपूरहून सायकल हाणीत यायचे, मागच्या पायऱ्यांवर जागा धरायची, आणि व्याख्यान संपल्यावर अर्धे समजले, अर्धे उद्या विचारू म्हणून परतायचे. आमचे शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते या व्याख्यानमालेने आणि सार्वजनिक वाचनालयाच्या वर्गणीने केले. 1922 सालापासून चालत आलेल्या या मालेत आमच्यासारख्या कामगाराच्या माणसाला बोलावले, यावरून चालकांची हिंमत दिसते. आमची अजून दिसायची आहे.

विषय दिला आहे तो असा, की नावाजलेली माणसे आपल्या तरुणपणाकडे, पहिल्या उमेदवारीकडे, लग्नाकडे मागे वळून कशी पाहतात. आम्ही साहित्यिक नव्हे. तीस वर्षे आम्ही पगारपत्रके तपासली. म्हणून आम्ही आत्मचरित्रही तसेच वाचतो: काम कोणी केले, मजुरी कोणाच्या नावावर लागली, आणि कापून कोणाच्या पगारातून घेतले. ही वाईट खोड आहे, पण आता सुटणार नाही.

आरंभ न्यायमूर्ती रानड्यांपासून करणे रास्त, कारण वसंत व्याख्यानमाला ही गोष्टच त्यांची. 1875 साली पुण्यात त्यांनी ती सुरू केली. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1873 साली, त्यांचे दुसरे लग्न झाले. नवरदेव एकतीस वर्षांचे, नवरी अकरा वर्षांची. विधवाविवाहाचा कैवार घेणारा हा पुढारी, पहिली पत्नी वारल्यावर विधवेशीच लग्न करील अशी लोकांची अपेक्षा. पण वडिलांपुढे मान तुकवून त्यांनी लहान मुलीशी लग्न केले. यावर टीका पुष्कळ झाली. रमाबाईंनी 1910 साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या, तेव्हा रानडे जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्या पुस्तकात नवऱ्याविरुद्ध तक्रार नाही. लग्न झाल्याबरोबर त्यांनी शिकवायला घेतले हे मात्र आहे, आणि घरातल्या वडील बायकांनी त्या शिकण्याचा सूड कसा घेतला हेही आहे. बाहेर सुधारणेची भाषणे होत होती. तिची किंमत स्वयंपाकघरात एक पोरगी अबोल्याच्या आणि टोमण्यांच्या हप्त्यांनी फेडत होती. आणि त्यावर सल्ला काय, तर उलट उत्तर देऊ नये. आम्हाला हा सल्ला ओळखीचा वाटतो. नव्या कामगाराला जुना मुकादम हाच देतो.

रानड्यांची बदली पुढे नाशिकला झाली, आणि रमाबाईंचे पहिले जाहीर भाषण याच गावात झाले. भाषण लिहून दिले होते नवऱ्याने, उभ्या राहिल्या त्या. आज या गावात उभे राहताना आमचे पाय थोडे लटपटत आहेत, तेव्हा विशीच्या आतल्या त्या बाईचे काय झाले असेल याची कल्पना येते.

आता आपल्या गावच्या बाईकडे येतो. याच नदीच्या वरच्या अंगाला जलालपूर आहे. तिथे 1868 साली गोखल्यांच्या घरी मनकर्णिका नावाची मुलगी जन्मली. तिच्या आजोबांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले, आणि बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात यायचा नाही असा कारभार सुरू झाला. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, 1880 साली, ती नारायण वामन टिळकांना दिली. हीच आपली लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असतील. ज्यांनी वाचली नसतील त्यांना आम्ही आज दोष देणार नाही. आम्ही स्वतः ती पस्तिशीत वाचली, आणि तीही घरातल्या माणसाने पुढे केली म्हणून. ते पुढे सांगू.

टिळक कवी मोठे, मन त्याहून मोठे. हातात पैसा आला की पहिल्या मागणाऱ्याच्या हातात गेला. नोकरी लागावी, सुटावी. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. रागावले की घरातून उठून चालते व्हावे आणि बायकोने वाट पाहावी. कवीच्या चरित्रात या सगळ्याला कलंदरपणा म्हणतात. लक्ष्मीबाई तो शब्द वापरीत नाहीत. चुलीत काय होते, डब्यात काय होते, कोणाकडे उसने मागितले, हे त्या सांगतात, आणि सांगता सांगता हसवतात. रडण्याजोग्या जागी हसवणे हे आम्ही संपाच्या मंडपात पुष्कळ पाहिले आहे. ज्याच्या घरी चूल पेटलेली नसते तोच सगळ्यांत जास्त विनोद करतो.

1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपल्या मताला जागले, मोठे धैर्य केले, हे आम्ही नाकारीत नाही. पण पदरात लहान मूल असलेल्या पत्नीला त्या दिवसापासून ना धड सवाष्णीचे स्थान उरले ना विधवेचे. साडेचार-पाच वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. मग स्वतः निघून नगरला नवऱ्याकडे गेल्या, प्रथम आपला आचार वेगळा सांभाळला, विचार केला, आणि 1900 साली आपणहून बाप्तिस्मा घेतला. हा ‘आपणहून’ शब्द महत्त्वाचा. नवरा गेला म्हणून त्या गेल्या नाहीत. माणसामाणसांतली शिवाशीव देवाने केलेली नाही हे त्यांना स्वतःला पटावे लागले. पुढाऱ्याच्या मागे मुकाट हात वर करणारे सभासद आम्ही खूप पाहिले. पाच वर्षे थांबून, पटल्यावर हात वर करणारे फार थोडे.

अक्षरओळख त्यांना लग्नानंतर झाली. टिळक 1919 साली गेले. पुढे मुलाला वडिलांचे चरित्र करायचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहायला सांगितले. मागितले होते नवऱ्याचे चरित्र, हातून उतरले दोघांचे. पुस्तक 1934 सालापासून भागाभागाने निघाले आणि 1936 च्या फेब्रुवारीत, इथेच नाशकात, बाई वारल्या. टिळकांवर त्यांचे प्रेम पानापानांत आहे, आणि टिळकांचा एकही दोष त्यांनी लपवलेला नाही. या दोन गोष्टी एका पुस्तकात कशा मावतात हे आम्हाला कळत नव्हते. आता थोडे कळते.

महर्षी कर्व्यांचे थोडक्यात सांगतो. त्यांनी ‘आत्मवृत्त’ 1915 साली लिहिले आणि 1936 साली इंग्रजीत ‘लुकिंग बॅक’ हे पुस्तक. 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केले. मुरूडच्या गावाने त्यांना वाळीत टाकले. कर्वे हे सगळे अलिप्तपणे सांगतात, जणू दुसऱ्या कोणाचे वर्तमान. तोच काळ आनंदीबाईंनी 1944 साली ‘माझे पुराण’ या नावाने सांगितला. ज्या माणसाने आपली कमाई आश्रमाला वाहिली त्याच्या घरात पोराबाळांचे कसे भागवावे, हा प्रश्न महर्षींच्या पुस्तकात एका बाजूला आहे आणि बायांच्या पुस्तकात मधोमध बसला आहे. दोन्ही पुस्तके खरी. शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

आणि मग ज्यांनी लिहिलेच नाही त्या. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. आपण मुलांना घेऊन जातो. 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले हे सर्वांना ठाऊक आहे, तेवढे सांगून आपण पुढे जातो. पण ती बाई अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडीत होती, चित्रण झालेली फिल्म धुवायला मदत करीत होती, आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत होती. आमच्या भाषेत हे कुशल काम, अकुशल काम आणि जादा पाळी असे तिन्ही झाले. हजेरीपत्रकावर नाव नाही. तिने आठवणी लिहिल्या असत्या तर भारतीय सिनेमाच्या जन्माची कथा आपण वेगळ्या खोलीतून पाहिली असती.

आमच्या चळवळीतले लोक म्हणतील, ही जुन्या मध्यमवर्गाची दुखणी आहेत. तसे नाही. कॉम्रेड डांगे मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, निफाड तालुक्यातल्या करंजगावचे. कानपूर खटल्याची शिक्षा भोगून आले, संसार मांडला जातो न जातो तोच 1929 साली मीरतच्या खटल्यात धरले गेले. उषाताईंनी नंतर आत्मकथन लिहिले, त्याचे नावच ‘पण ऐकतं कोण?’. गिरणीतल्या बायांची संघटना करणाऱ्या बाईला हे नाव सुचावे, याचा विचार आम्ही कार्यकर्त्यांनी करायला हवा होता. कवी नारायण सुर्व्यांच्या पत्नी कृष्णाबाईंनी पुस्तकाला नाव दिले ‘मास्तरांची सावली’. आणि सुनीताबाई देशपांड्यांचे ‘आहे मनोहर तरी’ 1990 साली निघाले तेव्हा पुलंचे कितीतरी चाहते दुखावले. त्या वेळी आम्हीही चहाच्या टपरीवर त्यांना नावे ठेवली होती. पुस्तक न वाचता.

आता ते घरचे. आम्ही नावाजलेले नव्हे, पण सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनला पंचवीस वर्षे झाली. स्मरणिका काढायचे ठरले. जुन्या कामगारांकडून आठवणी मागवल्या, तेवीस आल्या. कोण कुठल्या गावाहून एक पत्र्याची पेटी घेऊन आला, पहिला पगार किती, पहिला मेमो कशाबद्दल, गेटवरची लाठी कोणाच्या पाठीत बसली. आम्ही चार पाने लिहिली, 1996 सालच्या टाळेबंदीवर. सात महिने कारखाना बंद होता. आमच्या लग्नाला तीन वर्षे झालेली, मुलगी दीड वर्षाची, भाड्याची एक खोली. कमिटीत आम्ही होतो. लेखात एक वाक्य मोठ्या अभिमानाने टाकले होते: लढा इतका लांबला, पण घरी आम्ही त्याची झळ लागू दिली नाही.

प्रूफ घरी आणले होते. आमच्या कुटुंबाने ते वाचले. तिचे शिक्षण आमच्याहून दोन इयत्ता जास्त, बारीक चुका तीच काढते. त्या वाक्याशी थांबली आणि म्हणाली, “झळ लागू दिली नाही हे खरे आहे. तुम्हाला.”

एवढेच. पुढे वाचू लागली, एक ऱ्हस्वदीर्घ सुधारले, आणि कागद परत दिले.

आम्ही सभेत उत्तर द्यायला कधी अडलेलो नाही, तिथे अडलो. मग सात महिन्यांचा हिशेब मांडू लागलो, कारण तेवढेच आम्हाला येते. कमिटीचे धान्य दोनदा मिळाले होते. सात महिन्यांत दोनदा. मग बाकीचे? द्राक्षाच्या हंगामात ती पहाटेच्या जीपने पिंपळगावकडे पॅकिंगला जात होती, मुलगी शेजारच्या आजींकडे. हंगाम संपल्यावर एका खानावळीच्या पोळ्या लाटत होती. हे आम्हाला माहीत होते. माहीत असून आठवणीत आले नव्हते. पाटल्या मात्र माहीतही नव्हत्या. त्या माहेरी ठेवल्या आहेत असे आम्ही समजत होतो. त्या सराफाकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. आम्ही गेटवर ज्या दिवशी विजयाचे भाषण केले त्या दिवशी तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, आणि आम्ही म्हणालो होतो, आज छान दिसतेस.

स्मरणिकेच्या त्या तेवीस आठवणी आम्ही पुन्हा वाचल्या. सर्व लग्न झालेले पुरुष. बायकोचा उल्लेख चौघांनी केला होता, त्यांतल्या दोघांनी ती वारली म्हणून.

तेव्हा तिनेच वाचनालयातून ‘स्मृतिचित्रे’ बदलून आणले होते आणि आमच्या उशाशी ठेवले होते, असे मघाशी आम्ही सांगणार होतो. पण खरे तर ते त्याच्या पुष्कळ आधीचे, मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हाचे. आम्ही ते हसत हसत वाचले, आवडले म्हणालो, आणि परत केले. त्यात कोणाचे काय सांगितले आहे हे तेव्हा ध्यानी आले नाही. प्रुफानंतर दुसऱ्यांदा वाचले, ते निराळेच पुस्तक निघाले.

स्मरणिकेतले ते वाक्य आम्ही काढले. त्या जागी काय लिहावे ते न सुचल्यामुळे तिथे दोन ओळींची जागा मोकळी गेली. छापखानेवाल्याला वाटले जाहिरात राहिली. आता दुसरी आवृत्ती काढतो आहोत, आणि त्या तेवीसही जणांच्या घरी पुन्हा गेलो. या खेपेला चहा घेऊन आलेल्या बाईला बसायला सांगितले. काही बोलल्या. काहींनी नवऱ्याकडे पाहिले आणि आत गेल्या. एका मावशींनी विचारले, “नाव छापणार का?” छापू म्हटले, तर म्हणाल्या, “मग नीट आठवून सांगते, उद्या या.”

आमच्या कुटुंबानेही सांगायचे कबूल केले, पण अट घातली: लिहून मुलगी घेईल, आणि त्या वेळी आम्ही घरात असायचे नाही. आम्ही दोन संध्याकाळी युनियन ऑफिसात बसून काढल्या. एरवी आम्ही भाषणात, लेखात ‘आम्ही’ म्हणतो, त्यात ती होती की नव्हती हे त्या दोन संध्याकाळी मनात येत राहिले. तिची सहा पाने झाली. बंद पाकिटात थेट छापखान्यात गेली आहेत. प्रूफ दुसरे कोणी तपासणार आहे. आम्ही ती अजून वाचलेली नाहीत.

आमची मंडळी आज तिसऱ्या रांगेत बसली आहेत, तेव्हा काही चुकले असेल तर घरी कळेलच.