सरासरीपलीकडचा हिशेब



इंद्रायणीच्या उगमाशी आणि लोहगड-विसापूरच्या छायेत वसलेल्या या मावळ मुलखात आपली ही परिषद भरत आहे. व्यवसायाचे धोरण व गुंतवणुकीचा निर्णय यांसाठी विश्लेषणाची साधने कशी वापरावीत, याचा खल करण्यास लोणावळ्याहून अधिक उचित स्थळ मला तरी ठाऊक नाही. कारण अशाच विश्लेषणातून उभे राहिलेले वळवणचे धरण येथून जवळच आहे.

घाटमाथ्याच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवावी, हा जमशेटजी टाटांचा संकल्प त्यांच्या हयातीत सिद्धीस गेला नाही. १९१० साली त्यासाठी कंपनी स्थापन झाली, त्यांचे पुत्र दोराबजी यांनी भांडवल देशातच उभे केले आणि ५०० मीटरहून अधिक खाली, खोपोलीस, १९१५ मध्ये वीजगृह सुरू झाले. येथला पाऊस विपुल आहे, हे सांगावयास तज्ज्ञ नको होता. परंतु तो जेमतेम चार महिने कोसळतो आणि गिरण्या तर बारमाही चालावयाच्या, तेव्हा वर्षाची बेरीज कितीही मोठी असली तरी वैशाखात तलावात किती पाणी उरेल आणि पाऊस ओढ देईल त्या साली काय तजवीज करावयाची, हेच भांडवलाच्या सुरक्षिततेचे खरे प्रश्न होते. वळवण, लोणावळा व शिरोता येथील साठे ही त्यांची उत्तरे होत. आजही ताळेबंद वाचताना आपली नजर वार्षिक नफ्यावर खिळते. वस्तुतः रोकड कोणत्या महिन्यात आटते, कर्जाचे हप्ते तेव्हाच येतात काय, आणि विक्री चतुर्थांशाने घटली तर पेढी किती काळ तग धरील, हे संगणकाला आधी विचारावयास हवे.

मात्र हा हिशेबही अपुरा ठरू शकतो. शेजारच्या मुळशी पेट्यात याच उद्योगसमूहाचे धरण व्हावयाचे ठरले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. बुडणाऱ्या भातखाचरांचे मोल रुपयांत मांडता येत होते, परंतु घरदार सोडून जाणाऱ्या कुळांच्या संमतीसाठी कागदावर रकानाच नव्हता. हा दोष गणिताचा नव्हे, गणितात काय धरावे हे ठरविणाऱ्यांचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून प्रतिनिधींना माझी आग्रहाची विनंती आहे की, या परिषदेत आपण जी कोष्टके मांडाल त्यांत सर्वांत वाईट वर्षाचा रकाना, आणि ज्यांची जमीन, पाणी वा आयुष्याची बचत पणास लागते त्यांचा रकाना, असे दोन्ही आरंभीच आखावेत, आणि ते भरल्याखेरीज कोणत्याही प्रस्तावास मान्यता देऊ नये.